उजव्या पायाची बाहेरची धार

माझ्या लेकीचा, यास्मिनचा निकाह झाला ते साल दोन हजार आठ, महिना मे. काझीसाहेबांनी कागद पुढे सरकवला आणि मी व्याह्यांसमोर अंगठा उठवला. व्याही शाळामास्तर. शाई पुसायला त्यांनी आपला रुमाल दिला.

मांडवात पुढच्या खुर्च्यांवर कारखानीस मॅडम आणि त्यांच्या स्केटिंगच्या वर्गातल्या दोन मुली बसल्या होत्या. त्यांतली एक, केतकी, जेवणाच्या वेळी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "चाचा, नाव लिहायला शिकवू का? दस्तगीर. चारच तर अक्षरं आहेत."

"चार सोपी आहेत का?"

"एक जोडाक्षर आहे. ते जरा अवघड जाईल."

"मला अवघड शिकवतेस? तू आधी ती दोन गिरक्यांची उडी नीट शिक."

ती हसली. सोळा वर्षांची होती तेव्हा. त्याच वर्षी ऑक्टोबरात आम्ही तिला घेऊन पोलंडला गेलो.

मी शिकलगार. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या पात्यांना धार लावायचं काम. आजोबा साताऱ्यात तलवारी, कोयते, विळे, वस्तरे घासायचे. मी पुण्यात भवानी पेठेत शिंप्यांच्या कात्र्या आणि न्हाव्यांचे वस्तरे करायचो. एक दिवस सुलभा कारखानीस माझ्या दुकानाच्या फळीवर पांढऱ्या बुटांचा जोड घेऊन आल्या. बुटांच्या तळाला पोलादी पाती होती. त्या मुलींना बर्फावरचं स्केटिंग शिकवत. वर्षभर पुण्यात चाकांच्या स्केट्सवर सराव, आणि बर्फ मिळेल तिथे बर्फावर: कधी मुंबईजवळच्या एका छोट्या रिंकवर, कधी हिवाळ्यात सिमल्याला. कुणीतरी त्या पात्यांचा सत्यानाश केला होता. पात्याच्या पुढच्या टोकाला बर्फात रोवायचे दात असतात, तेसुद्धा घासून टाकले होते.

"जमेल?" त्यांनी विचारलं.

"पातं आहे ना? मग जमेल."

जमायला दोन वर्षं लागली. सुरीला एक धार असते. या पात्याला दोन. पात्याच्या तळाला लांबीभर एक बारीक पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन काठांना दोन धारा, एक आतली, एक बाहेरची. मुलगी हवेत गिरकी घेऊन उतरते ती उजव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर, तेही उलटी, मागे जात. सगळं वजन त्या केसाएवढ्या काठावर. काठाने बर्फ धरला तर मुलगी उभी राहते. नाही धरला तर पाय निघून जातो आणि ती पाठीवर पडते.

केतकी तशीच पडली होती. यास्मिनच्या निकाहानंतरच्या जूनमध्ये, मुंबईच्या रिंकवर. धारेचा दोष नव्हता, बर्फात खड्डा होता. डोकं मागून आपटलं. सात टाके पडले आणि तीन आठवडे तिला पडदे ओढलेल्या खोलीत ठेवलं. डॉक्टरांनी तिच्या वडिलांना, रिसबूड साहेबांना, सांगितलं, याच जागी पुन्हा मार बसला तर मी काही सांगू शकत नाही.

तरी ती ऑगस्टमध्ये बर्फावर आली. मॅडमनी रिसबूड साहेबांच्या घरी चार खेपा घातल्या तेव्हा कुठे त्यांनी पोलंडला होकार दिला. विमानतळावर ते माझ्याकडे आले. बँकेतला शांत माणूस, कधी दोन शब्दांच्या वर बोलला नाही. माझा हात धरून म्हणाले, "दस्तगीरभाई, तिच्या पायाखालचं सगळं तुमच्याकडे आहे."

"काळजी करू नका," मी म्हणालो. विमानात मला झोप आली नाही. हात सारखा कोटाच्या खिशातल्या धारेच्या दगडावर जात होता. तपासणीत तो दगड मॅडमनी कसाबसा सोडवून घेतला होता.

कोळशाच्या खाणींचं गाव होतं ते. नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. हवेला धुराचा वास, रस्त्यावर ओली पिवळी पानं, आणि रिंक म्हणजे एक मोठी करडी इमारत. आत शिरलं की दात वाजायचे. आम्ही चौघंच होतो. मॅडम, केतकी, दुसरी मुलगी पल्लवी काकडे, आणि मी. माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावर 'तंत्रज्ञ' असं छापलंय, असं पल्लवीने वाचून दाखवलं. "चाचा, आता तुम्हाला सर म्हणायला लागणार," ती म्हणाली. मी तो पट्टा रात्री उशाशी ठेवून झोपायचो.

स्पर्धा कनिष्ठ गटाची होती. पहिल्या दिवशी, मंगळवारी, छोटा कार्यक्रम. त्यातून वीस मुली पुढे जायच्या आणि गुरुवारी मोठा कार्यक्रम करायच्या. गुरुवारी ठरावीक गुण मिळवले तर हिवाळ्यातल्या मोठ्या आशियाई स्पर्धेचं दार उघडत होतं. देशाकडून एकच मुलगी जाणार होती. दिल्लीच्या स्केटिंग संघटनेतल्या मंडळींना आपली मुलगी पाठवायची होती. मॅडमनी त्यांना लिहून दिलं होतं, माझी केतकी गुण आणील.

मंगळवारी पल्लवी पडली आणि अठ्ठाविसावी आली. केतकी एकोणिसावी. मॅडमच्या मुलींपैकी आजवर कुणी दुसऱ्या दिवसापर्यंत पोचलं नव्हतं. पाटीवर नाव आलं तेव्हा मॅडमनी माझ्या दंडाला इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशीही दुखत होतं.

"दस्तगीरभाई, पाहिलंत? धरली! तुमची धार तिने धरली."

"तिने धरली, मॅडम. मी नुसती घासली."

मॅडमचा एक नियम होता. स्पर्धेच्या आधी पाच दिवस पात्याला दगड लावायचा नाही. ताजी धार बर्फाला नको इतकी चावते. मुलीला ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. मी पुण्यातून निघण्याआधीच दोघींची पाती मशीनवर करून दिली होती. त्यांना आता हात लावायचं काही कारण नव्हतं.

बुधवारी दुपारी सरावानंतर मी हॉटेलातल्या माझ्या खोलीत चहा करत होतो. केतकी दारात आली. बूट छातीशी धरलेले.

"चाचा, आज खंडेनवमी आहे."

"माहीत आहे."

"आईचा फोन आला होता. म्हणाली, तुझं हत्यार म्हणजे तुझे स्केट्स, त्यांची पूजा कर. पल्लवीने कुंकू आणलंय, खरंच. आईने तिच्या बॅगेत घातलं होतं. फुलं नाहीयेत, म्हणून आम्ही खालच्या हॉलमधली कुंडी लुटली."

"मग कर पूजा. मला कशाला सांगतेस?"

"पूजेआधी धार लावतात ना? तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं मी. खंडेनवमी म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात मोठा दिवस. आम्ही मुसलमान, पण त्या दिवशी साताऱ्याचं अर्धं गाव आमच्या ओट्यावर असायचं. धारेचं चाक, आमचा सराण, सकाळपासून फिरत असायचा. आजोबा आलेलं एकही हत्यार दगड न लावता परत देत नसत. ज्याच्या कोयत्याला कालच धार लावलीय त्यालाही ते परत पाठवायचे नाहीत, दोन हात फिरवायचेच. आजच्या दिवशी परत पाठवलेलं पातं मालकावर उलटतं, असं म्हणायचे. आम्ही पोरं ते ऐकून घाबरायचो. मोठा झालो तरी ती भीती पूर्ण गेली नव्हती.

"मॅडमनी नाही सांगितलंय," मी म्हणालो.

"मशीन नको हो. नुसता दगड फिरवा. तीनदा. लागला म्हणण्यापुरता."

मला जूनमधले सात टाके आठवले. आणि वाटलं, उद्या ही पडली आणि मी आज पातं परत पाठवलेलं असलं तर? चौपन्न वर्षांचा माणूस होतो. पण असलं वाटतं तेव्हा वाटतंच.

मी बूट घेतले. पलंगावर बसलो, खिशातला दगड काढला, त्यावर थोडं तेल सोडलं. डावा बूट मांडीवर घेतला, तीन हात. ठीक झाले. उजवा घेतला. पहिला हात, दुसरा हात. तेवढ्यात बाहेर मॅडमचा आवाज आला. "केतकी! कुठे आहेस?"

केतकीने जीभ चावली. मी तिसरा हात घाईत मारला. सुरीला मारतात तसा. सुरीचं पातं टोकाशी संपत आलं की शिकलगाराचं मनगट आपोआप बाहेर वळतं. चाळीस वर्षं वळलेलं मनगट. मला तेव्हा कळलं नाही. मी पात्यावर टोपण चढवलं, बूट टॉवेलात गुंडाळले, तिच्या हातात दिले. नखाने धार तपासायची असते, ती तपासली नाही.

मॅडम दारात आल्या. "काय चाललंय?"

"पूजा करतोय, मॅडम," केतकी म्हणाली. "चाचांचा आशीर्वाद घ्यायला आले होते."

"मग घेतलास ना? आता झोप काढ दोन तास." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. दगड मी मांडीखाली घेतला होता. तेलाचा वास येत होता. त्यांना आला नसावा.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळच्या सरावाला मी नव्हतो. केतकीच्या पोशाखाची पाठीवरची चेन तुटली होती. ती बसवून घ्यायला मला आणि पल्लवीला गावात पाठवलं होतं. दुपारी आम्ही रिंकवर पोचलो. पल्लवी पोशाख घेऊन आत केतकीकडे गेली. मॅडम खेळाडूंच्या बोळात एकट्याच येरझारा घालत होत्या.

"हिचं डोकं आज ठिकाणावर नाही," त्या मला म्हणाल्या. "सकाळी चार उड्या मारल्या आणि चारही वेळा उतरताना पाय गेला. मग उड्या मारणंच बंद केलं. म्हणते, जपून ठेवते. काय जपून ठेवते? काल तर सगळं नीट होतं."

"कुठला पाय गेला?"

"उतरायचा. उजवा. दुसरा कुठला?"



"पडली का?"

"हातावर सावरली. दोनदा. पण भीती बसलीय, दस्तगीरभाई. मला डोळ्यांत दिसते."

मी विचारलं, किती वेळ आहे? त्या म्हणाल्या, हिचा गट वीस मिनिटांनी सरावाला उतरेल.

आतून तयार होऊन केतकी बाकावर येऊन बसली. निळा पोशाख, केस घट्ट बांधलेले, बूट चढवून नाड्या आवळलेल्या. बर्फावर उतरण्याआधी मी नेहमी मुलींच्या पायाशी बसून पात्याचे स्क्रू तपासायचो. तसा बसलो. डाव्याचे स्क्रू पाहिले. उजव्याचं टोपण काढलं आणि अंगठ्याचं नख बाहेरच्या धारेवर आडवं ओढलं.

चांगली धार नख खरवडते. पांढरा भुगा निघतो. माझं नख घसरलं. काचेच्या ग्लासवरून घसरावं तसं. टाचेपासून मधोमधपर्यंत, जिथे मुलगी वजन टाकते नेमकं तिथे, काठ गोल झाला होता. बाहेरची धार मेली होती.

माझ्या हाताने मेली होती.

मी वर पाहिलं. केतकी माझ्याकडेच पाहत होती. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. मी तोंड उघडलं, "मॅडम..."

"चाचा, स्क्रू घट्ट आहेत ना?" केतकी मोठ्याने म्हणाली.

"काय झालं?" मॅडम पुढे झाल्या.

"काही नाही. स्क्रू बघतायत."

स्पर्धेच्या माणसाने मॅडमना बोलावलं, गाण्याच्या तबकडीवर सही हवी होती. त्या दहा पावलं दूर गेल्या. केतकी खाली वाकली. नाडी नीट करतेय असं दाखवत तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

"मला सकाळीच कळलं. बाहेरची धार धरत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? मॅडमना? त्या विचारतील, कुणी हात लावला. तुम्हाला आजच्या आज घरी पाठवतील. आणि मीच तर सांगितलं होतं लावायला."

"मग मला सांगायचंस, बाळ!"

"तुम्ही गावात होतात. आता दगडाने होईल का?"

मी खोटं बोलू शकलो नाही. "दगडाने नाही. मशीन पाहिजे. बूट काढून, अर्धा तास."

"इथे आहे मशीन?"

"आहे. त्यांच्या माणसाकडे. पण वेळ नाही. बाळ, उतरू नकोस. पोटात दुखतंय म्हण. काहीही म्हण. डोक्यावर पुन्हा पडलीस तर..."

"नाही पडणार. उड्या मी छोट्या करते. उतरताना डावा पाय टेकवते. गुण जातील, बाकी काही नाही."

"गुण गेले तर हिवाळ्याचं..."

"चाचा," ती म्हणाली, "तुम्ही असा चेहरा करून उभे राहू नका ना. मला तेवढ्यानेच घसरायला होईल."

मॅडम परत आल्या. दोघी कठड्याकडे गेल्या. मी त्यांच्या मागे चाललो. तीस पावलं असतील. त्या तीस पावलांत मला केव्हाही बोलता आलं असतं. मॅडम, थांबा, एवढंच म्हणायचं होतं. मॅडमनी तिला उतरू दिलं नसतं, त्यांनी तिच्या बापाला शब्द दिला होता. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. मला त्या पाहण्याची भीती वाटली. खरं सांगायचं तर त्या क्षणी पोरीच्या डोक्यापेक्षा त्या पाहण्याची भीती जास्त वाटली.

मी बोललो नाही.

तिचा नंबर चौथा होता. आधीच्या तिघींचं मी काही पाहिलं नाही. कठडा दोन्ही हातांनी धरून उभा होतो. पल्लवी शेजारी होती.

केतकीचं नाव पुकारलं. आपल्या देशाचं नाव पुकारलं. ती मध्यभागी जाऊन उभी राहिली. ती तिथे फार लहान दिसत होती.

गाणं साडेतीन मिनिटांचं होतं. सतारीवरची धून, मॅडमनीच पुण्यात वाजवून घेतलेली. पहिली उडी दोन गिरक्यांची हवी होती. तिने एकच घेतली आणि दोन्ही पाय टेकून उतरली. मॅडम कठड्यावर ओरडल्या, "हे काय? केतकी!" दुसरी उडीही एकाच गिरकीची. तिसऱ्या वेळी तिने उडी मारलीच नाही, वळून पुढे गेली. मॅडमनी कठड्यावर हाताची मूठ आपटली.

मी पाय बघत होतो, फक्त उजवा पाय. तो बर्फावर टेकला की माझा श्वास थांबायचा. डाव्यावर गेला की सुटायचा.

मग दोन मिनिटं झाल्यावर, मला वाटतं, मॅडमचा आवाज तिच्यापर्यंत पोचला असावा. किंवा तिला राहवलं नसेल. ती आमच्या समोरून वेगाने मागे जात आली, अंग आवळलं, आणि दोन गिरक्या घेतल्या. पूर्ण दोन. सुंदर होत्या. आणि उजव्या पायावर उतरली.

पाय गेला. मी तो आवाज आजही ओळखीन. धार धरते तेव्हा बर्फ खर्रकन कापतो. हा तसा नव्हता, नुसता घसरण्याचा होता, ओल्या फरशीवर चप्पल जावी तसा. केतकी मागे कलली. तिचं डोकं बर्फाकडे निघालं. मी डोळे मिटले नाहीत, मिटायला वेळच नव्हता. तिने हात मागे टाकला, मनगट आपटलं, अंग वळलं, आणि ती कुशीवर पडून दूरवर घसरत गेली. डोकं बर्फापासून वीतभर राहिलं. एक वीत. मी मोजून सांगतो.

पल्लवी किंचाळली होती. मॅडमनी दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

केतकी उठली. गुडघ्यावर, मग पायावर. उरलेला कार्यक्रम तिने एकही उडी न मारता पुरा केला. डाव्या पायावर फिरली, हात नीट धरले, शेवटी हसलीसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पडून उठलेल्या पोरीला वाजवतात तशा.

ती विसावी आली. विसांतली. लागणाऱ्या गुणांच्या जवळपासही नव्हती.

बोळात आल्यावर मॅडमनी तिला बसूही दिलं नाही. मॅडम वाईट बाई नव्हत्या. पण सहा वर्षं त्यांनी त्या पोरीवर जीव लावला होता, आणि डोकं वाचलेलं पाहून त्यांच्या अंगातली भीती आता रागाने बाहेर येत होती.

"एक उडी! साडेतीन मिनिटांत एक धड उडी! आणि तीही माझ्या ओरडण्यामुळे!"

केतकी मनगट दाबत उभी होती.

"तू भित्री आहेस, केतकी. पाय नाही गेला तुझा, मन गेलं. दिल्लीची ती मुलगी तुझ्या निम्मीही नाही, पण ती घाबरत नाही. आता जाईल ती. जाऊ दे. मी काय तोंडाने सांगू त्यांना?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "दस्तगीरभाई, तुम्ही पाहिलंत ना उतरण्याआधी? तुम्हीच सांगा. धार कशी होती?"

बोळात दिव्याचा पांढरा उजेड होता. कुणीतरी दूर हसत होतं. केतकीने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बसून ती नाड्या सोडायला लागली.

"चांगली होती, मॅडम," मी म्हणालो.

केतकीची बोटं नाडीवर थांबली. एवढंच. मग ती पुन्हा सोडायला लागली.

"ऐकलंस?" मॅडम तिला म्हणाल्या.

"हो," केतकी म्हणाली.

संध्याकाळी मी तिचे बूट पुसायला म्हणून घेतले. रिंकवरच्या माणसाला खुणेने विचारून त्याच्या मशीनवर उजवं पातं करून घेतलं. नखाने तपासलं. पांढरा भुगा निघाला. आता कुणीही पाहिलं असतं तरी धार चांगलीच होती. सकाळी बूट तिच्या दारात ठेवले. तिने ते घेतले, पात्यावरून बोट फिरवलं आणि बॅगेत टाकले. परतीच्या प्रवासात ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. पल्लवीपेक्षा जास्तच बोलली. मला ते सहन होत नव्हतं.

मॅडमनी अहवालात लिहिलं, कौशल्य आहे, मनोबल नाही. हिवाळ्यात दिल्लीची मुलगी गेली. केतकीने फेब्रुवारीत सराव सोडला. वडिलांनी बारावीचं कारण सांगितलं. वर्गातल्या बाकीच्या मुलींना पुढे कित्येक वर्षं मॅडम तिचं उदाहरण देत. "अंगात सगळं होतं, पण भित्री निघाली." मी मशीनपाशी बसून ते ऐकायचो.

त्याच हिवाळ्यात मी साक्षरता वर्गात नाव घातलं. त्यानंतर नऊ वर्षं मी मॅडमच्या मुलींबरोबर फिरलो. सात देश पाहिले. एका वर्तमानपत्रात माझा फोटो आला, तो मी स्वतः वाचला. त्यात मॅडमचे शब्द होते, या माणसाच्या हातून एकही धार चुकली नाही.

केतकी मला एकदाच भेटली. कोथरूडच्या मैदानात, चाकांच्या स्केट्सच्या स्पर्धेत, दोन हजार एकोणीस साली. चार वर्षांची मुलगी तिच्याबरोबर होती. "चाचा, हिची चाकं बघता का जरा?" तिने विचारलं. मी खाली बसलो आणि चाकं तपासली.

छोटीने विचारलं, "आई, तुला पण येत होतं का?"

"थोडंसं," केतकी म्हणाली. "पण मी भित्री होते." आणि हसली. माझ्याकडे न पाहता, वाकून तिने मुलीच्या शिरस्त्राणाचा पट्टा आवळला. दोनदा आवळला.

मी उठलो आणि म्हणालो, "मी मॅडमना सांगतो. उद्याच जातो."

"कशाला, चाचा?" ती म्हणाली. "त्यांचं वय झालंय आता. आणि तुमचंही."

मी उद्या गेलो नाही. परवाही गेलो नाही. शेवटी गेलो ते दोन वर्षांनी, मॅडम अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा. त्यांनी मला ओळखलं. खुर्ची जवळ ओढायला सांगितली. बराच वेळ वेगवेगळ्या मुलींची नावं घेत राहिल्या, कोण कुठे असते ते विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि ती रिसबूडची? केतकी?"

"बरी आहे. मुलगी आहे तिला."

"मी फार बोलले तिला त्या दिवशी." त्या दम घ्यायला थांबल्या. "पण खरं होतं ना, दस्तगीरभाई? घाबरली होती ना ती?"

त्यांचे डोळे माझ्यावर होते. ज्या पाहण्याला मी बारा वर्षं भ्यालो होतो ते पाहणं आता इतकं थकलेलं होतं की मला भ्यायचं काही कारण नव्हतं. तरी मी भ्यालो.

"घाबरली होती, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी आणखी थोडा वेळ बसलो. मग नर्स आली आणि मी बाहेर पडलो.

चार दिवसांनी, बुधवारी, तीन मार्च दोन हजार एकवीसला, सकाळी सुलभा कारखानीस वारल्या.